लवळ्याच्या टेकडीचे परदेशातले नाव

– एक ऊस उत्पादक सभासद, मुळशी तालुका



मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागली होती. माझा नंबर यायला दोन-अडीच तास सहज होते, म्हणून आम्ही चार-पाच जण चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. कुणीतरी वर्तमानपत्राचे पान पुढे केले. लवळ्याच्या टेकडीवरच्या विद्यापीठाचे परदेशात कसे नाव आहे, किती देशांतली मुले तिथे शिकतात, असा काहीसा मजकूर होता. आमच्यातले एक जाणते सभासद पान बाजूला सारून म्हणाले, "झालं असंल नाव. आपल्याला काय त्याचं? टेकडी गेली, रस्त्याला गाड्या वाढल्या. परदेशातली पोरं येत्यात आन् जात्यात. त्यानं उसाला टनामागं पाच रुपये तरी वाढले का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ट्रॅक्टर काट्यावर चढेपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. बोलणे रोकडे होते, आणि त्यातला रागही खोटा नव्हता. तरी त्यात एक चूक आहे असे मला वाटते, म्हणून हा लेख. वार्तापत्रात ऊस, पाणी आणि दर सोडून असला विषय कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी निम्मा वाचून मग ठरवावे.

प्रथम या विद्यापीठाचे मूळ सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ते माहीत नाही. सिंबायोसिस ही संस्था १९७१ साली पुण्यात सुरू झाली. काढणारे डॉ. शां. ब. मुजुमदार हे गडहिंग्लजचे, फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. मुलांच्या वसतिगृहावर देखरेखीचे कामही त्यांच्याकडे होते. ती हकिगत त्यांनी स्वतः अनेक वेळा सांगितली आहे. वसतिगृहाच्या एका खोलीच्या खिडकीशी एक मुलगी रोज येते आणि आत काहीतरी देते, हे त्यांच्या नजरेला आले. मुलांच्या वसतिगृहात मुलगी म्हटल्यावर कुठल्याही रेक्टरच्या मनात येईल तेच त्यांच्याही मनात आले. चौकशी केली तेव्हा कळले, की खोलीतला मुलगा मॉरिशसचा. त्याला कावीळ झालेली, अंथरुणाला खिळलेला, विचारणारे कुणी नाही. ती मुलगीही मॉरिशसचीच. आपल्या देशाचा पोरगा परक्या गावात उपाशी पडलाय म्हणून ती त्याला खिडकीतून जेवण देत होती.

त्या खिडकीतून ही संस्था निघाली. आधी पदव्या नव्हत्या, इमारती नव्हत्या. परदेशातून आलेल्या मुलांना हक्काने बसा-उठायला जागा असावी, इथल्या मुलांशी त्यांची ओळख व्हावी, एवढाच सुरुवातीचा हेतू. कायद्याचे कॉलेज १९७७ चे, व्यवस्थापनाचे १९७८ चे, आणि अभिमत विद्यापीठाचा दर्जा २००२ चा. लवळ्याची टेकडी त्याच्या नंतरची. नावही बाईंनी बाळाचे ठेवावे तसे विचार करून ठेवलेले आहे. वनस्पतिशास्त्राचा माणूस, त्याने शब्दही शेतातलाच उचलला. सिंबायोसिस म्हणजे सहजीवन. आपण उसाच्या आधी ताग किंवा धैंचा करतो, तो उपटून बघा. मुळांवर गाठी दिसतील. त्या गाठीतला जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतो आणि झाड त्याला साखर देते. दोघांचेही भागते. एकाने दुसऱ्याला नुसते शोषले तर त्याला हा शब्द लागत नाही, बांडगूळ हा लागतो.

आता मॉरिशस म्हटल्यावर आपण ऊसवाल्यांनी तरी कान टवकारायला हवेत. तो देशच उसाने वसवलेला. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केल्यावर उसाच्या मळ्यांवर राबायला माणसे मिळेनात, म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळपास ५ लाख माणसे त्या बेटावर उतरली. बरीचशी बिहार आणि मद्रासकडची, पण मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसेही गेली. ज्या धक्क्यावर ती उतरली तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यांच्या नातवंडा-पतवंडांतले मराठी लोक आजही तिथे गणपती बसवतात आणि शाळेत मराठी शिकतात. मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाला. तिथले विद्यापीठ १९६५ चे, नवे आणि लहान. तेव्हा शिकायचे तर पोरांनी बाहेर जायचे, आणि पुणे त्यांना जवळचे वाटायचे. खिडकीतल्या त्या मुलाचे वाडवडील कुठले होते ते मला ठाऊक नाही, आणि तो मुद्दाही नाही. पण आपल्या दारात येणारा परदेशी मुलगा कुठल्या तरी ऊसकऱ्याच्या, भातकऱ्याच्या घरातला असू शकतो, हे आपण विसरतो. परदेशी म्हणजे गोरा आणि पैसेवाला, हे आपल्या डोक्यात सिनेमाने घातले आहे.

प्रत्यक्ष आकडे वेगळे आहेत. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीप्रमाणे २०२१-२२ साली साऱ्या भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते. त्यात सर्वांत जास्त, शंभरात २८, नेपाळचे. मग अफगाणिस्तान, अमेरिका, बांगलादेश, अमिरात, भूतान असे. अमेरिका आणि अमिरातीतून येणाऱ्यांत आपल्याच लोकांची तिकडे जन्मलेली मुले बरीच असणार, हा माझा अंदाज. आफ्रिकेतूनही मुले येतात, आणि पुण्याला तर ती चाळीस-पन्नास वर्षांपासून येत आहेत. आणि उलटी बाजू? परराष्ट्र खात्याने २०२४ साली सांगितले, की १३ लाखांवर भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत आहेत. म्हणजे आपल्याकडे एक येतो तेव्हा आपले पंचवीसच्या वर बाहेर जातात. आपल्या कार्यक्षेत्रातलीही पोरे जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला गेली आहेत. शेतावर बोजा चढवून गेली आहेत, हे सोसायटीच्या सचिवाला विचारावे.

आता नाव कसे मोजतात ते बघू. मला स्वतःला याचे कुतूहल होते, म्हणून पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याला बसवून समजून घेतले. लंडनची क्यूएस नावाची एक कंपनी दरवर्षी जगातल्या विद्यापीठांची क्रमवारी लावते. अशा आणखीही दोन-तीन आहेत. शंभरपैकी ३० गुण नावलौकिकाचे. ते कसे ठरतात? तर जगभरच्या प्राध्यापकांना पत्र पाठवून विचारतात, तुमच्या विषयात कुठली विद्यापीठे चांगली वाटतात. २०२३ पर्यंत याला ४० गुण होते. परदेशी विद्यार्थी किती टक्के आहेत त्याला ५ गुण. नोकऱ्या देणाऱ्यांना विचारून १५. बाकीचे संशोधन आणि इतर.

हे ऐकून मी पुतण्याला म्हणालो, अरे, आपल्याकडे उसाचे वजन काट्यावर होते आणि उतारा प्रयोगशाळेत निघतो. शेजारच्या कारखान्याच्या चेअरमनला पत्र पाठवून "अमुक कारखान्याचा उतारा कसा वाटतो" असे आपण विचारत नाही. तो म्हणाला, "काका, शिक्षणाचा काटा अजून कुणाला करता आला नाही." ते खरे असेल. पण मग त्या क्रमांकाला किती मान द्यायचा हेही त्यावरून ठरवावे. ज्या प्राध्यापकाने लवळे कधी पाहिले नाही त्याचे मत तीस गुणांत जाते, आणि ज्या मुलाने तिथे तीन वर्षे काढली तो मुख्यतः टक्केवारीतला आकडा होऊन पाच गुणांत बसतो. मला तर हे उलटे वाटते.

कारण खरे नाव विद्यार्थीच घेऊन जातो. दुसरे कुणी नेत नाही. आपलेच उदाहरण घ्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा क्रमांक कितवा, हे मुळशी तालुक्यात कुणाला सांगता येईल? पण कोलंबिया हे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात माहीत आहे. शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही माहीत आहे. का? तर १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. त्या विद्यापीठाने त्यांना ग्रंथालय उघडे करून दिले, जातीवरून वर्गाबाहेर बसवले नाही. बाबासाहेबांनी त्या दिवसांची आठवण जन्मभर काढली आणि १९५२ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. एका विद्यार्थ्याला माणसासारखे वागवल्याने कोलंबियाला आपल्याकडे जे नाव मिळाले ते जाहिरात करून मिळाले नसते.

त्याच्याही आधी १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. कॉलेजाचे नाव किती जणांना आठवते? पण कार्पेंटर मावशी मात्र आनंदीबाईंचे चरित्र वाचलेल्या प्रत्येकाला आठवतात. थिओडिसिया कार्पेंटर ही न्यू जर्सीतली एक साधी संसारी बाई. तिने वर्तमानपत्र-मासिकातून या मुलीची तळमळ वाचली, पत्र धाडले, आणि ती आली तेव्हा तिला स्वतःच्या घरात ठेवून घेतले. आनंदीबाई इकडे येऊन वारल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी या बाईंकडे पाठवल्या गेल्या आणि कार्पेंटरांच्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. विद्यापीठ चार भिंतींत शिकवते, पण परक्या मुलाचा बहुतेक दिवस त्या भिंतींच्या बाहेर, कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी गावात जातो. तिथे कार्पेंटर मावशी भेटतात की आणखी कोणी, यावर पुष्कळ ठरते.

आता टपरीवरच्या त्या सभासदांना उत्तर द्यायला हरकत नाही. लवळ्याच्या टेकडीचे नाव परदेशात काय होणार, यातला मोठा वाटा टेकडीच्या खाली ठरतो. वाटा म्हणजे शेअर. आपण शेअर न घेता भागीदार झालो आहोत.

विद्यापीठाच्या आवारात वसतिगृहे आहेत, तिथे पुष्कळ मुले राहतात. पण सगळी नाही. शिवाय पुण्यातल्या इतर कॉलेजांची, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुलेही खोल्या शोधत इकडे येतात. सूस, म्हाळुंगे, बावधन ही गावे २०२१ साली महापालिकेत गेली, पण घरे आणि घरमालक आपलेच आहेत. नांदे, पिरंगुट, भुगाव, हिंजवडी, माण इकडे आपल्या कित्येक सभासदांचा ऊस कमी झाला आणि खोल्या वाढल्या. त्यात वाईट काही नाही. जमीन तुकड्या-तुकड्याने गेल्यावर माणसाने पोट कसे भरायचे? पण खोली देणे हा धंदा आहे, आणि धंद्याला जे नियम उसाच्या काट्याला तेच.

माझ्याच भावकीतली गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. टांझानियाचा एक मुलगा दोन वर्षे त्यांच्या खोलीत राहिला. शांत पोरगा. भाडे महिन्याच्या पाच तारखेच्या आत. जाताना डिपॉझिट मागितले तर रंगकाम, नळ, पंखा असे सांगून निम्म्याहून जास्त कापून घेतले. रंग त्याच्या आधीच्या भाडेकऱ्याच्या वेळेपासूनच उडालेला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलेले. करारनामा नव्हता, पावती नव्हती. पोराने वाद घातला नाही. बॅग उचलली आणि गेला. आमच्या भाऊबंदाला वाटले, प्रकरण मिटले. पुढच्या जूनमध्ये त्याच देशाची दोन मुले शेजारच्या घरी खोली बघायला आली. जागा आवडली, भाडे ठरत आले, मग त्यातल्या एकाने फोन लावला, गल्लीचे नाव सांगितले, थोडा वेळ ऐकले, आणि दोघेही "सॉरी अंकल" म्हणून निघून गेले. शेजाऱ्याला कळेना काय झाले. मला कळले. नाव आमच्या गल्लीतून आधीच दार-ए-सलामला पोचले होते आणि तिथून परत आले होते. पंख्याचे कापलेले पैसे सोडा, शेजाऱ्याच्या खोल्या दिवाळीपर्यंत रिकाम्या होत्या.

उलट बाजूही आहे. २०२० च्या टाळेबंदीत खानावळी बंद पडल्या तेव्हा आमच्या वाडीतल्या एका काकूंनी दोन नेपाळी मुलांना दीड महिना दोन वेळचे जेवण दिले. भाकरी, आमटी आणि आंबेमोहोराचा भात. त्यांना परदेशी विद्यार्थी, क्रमवारी वगैरे काही माहीत नाही. "पोरं उपाशी हायत" एवढेच माहीत. दसऱ्याला त्या मुलांचा फोन येतो, त्यांच्याकडेही दशैं हा मोठा सण असतो. आता त्यातल्या एकाची धाकटी बहीण पुण्यात शिकायला आली आहे.

बाहेरच्या घटना बघितल्या तरी हेच दिसते. २०१६ च्या जानेवारीत बंगळूरला टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. अपघात तिने केलेलाच नव्हता, कुणा दुसऱ्या आफ्रिकी माणसाच्या गाडीने केला होता. २०१७ साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. दोन्ही वेळा त्या देशांच्या वकिलाती बोलल्या, तिकडच्या पेपरांत बातम्या आल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत भुवनेश्वरच्या एका खासगी विद्यापीठात नेपाळी विद्यार्थिनीने आत्महत्या केली. मुलांनी न्याय मागितला तर त्यांनाच वसतिगृह सोडायला सांगण्यात आले. दोन दिवसांत नेपाळच्या पंतप्रधानांना बोलावे लागले, वकिलातीची माणसे ओडिशात आली आणि विद्यापीठाला माफी मागावी लागली. त्या विद्यापीठाने नाव कमवायला किती वर्षे घातली असतील? आणि आपण दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी हेही आठवावे, की २००९ साली मेलबर्नला आपल्या मुलांवर हल्ले झाले तेव्हा आपल्याकडच्या आयाबायांनी पोरांना ऑस्ट्रेलियाला पाठवणे थांबवले होते. तिथली विद्यापीठे तीच, प्राध्यापक तेच. रात्रीची रेल्वेगाडी आणि स्टेशनबाहेरचा रस्ता सुरक्षित राहिला नव्हता, एवढ्यावर अर्ज कमी झाले.

पण सगळा दोष खालच्या गावांवर टाकून टेकडीला मोकळे सोडायचे, असे मी म्हणणार नाही. परदेशी मुलाला इथे येऊन नक्की काय पदरात पडते, हा हिशेब विद्यापीठानेही उघडा मांडला पाहिजे. आपल्याला उसाचे बिल मिळते त्यावर टन, दर, तोडणी-वाहतूक, कपाती, सगळे वेगवेगळे लिहिलेले असते. तरीही आपण सर्वसाधारण सभेत भांडतो. त्या मुलाच्या बिलात काय असते? इथल्या मुलांपेक्षा जास्त फी, ती बहुतेक वेळा डॉलरात. व्हिसा, नोंदणी, विमा. विमानाचे तिकीट. घरी परत गेल्यावर पदवी तिथल्या सरकारला चालते की नाही याची धाकधूक. आपल्याला हे नवीन नाही. रशिया, युक्रेन, चीनमधून डॉक्टर होऊन आलेल्या आपल्या मुलांना इथे पुन्हा परीक्षा द्यावी लागते आणि त्यात कितीतरी जण अडकून बसतात. एजंटाने ते आधी सांगितलेले नसते. तसेच इथे येणाऱ्या मुलाला त्याच्या देशात काय लागेल ते प्रवेशाच्या आधी स्पष्ट सांगणे, हे विद्यापीठाचे काम आहे. नाव असलेल्या विद्यापीठाचे तर जास्तच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली परदेशी मुलांसाठी मंजूर जागांच्या वर २५ टक्के जादा जागा ठेवायला परवानगी दिली. इथे एक गैरसमज काढून टाकतो. "परदेशी पोरांनी आपल्या पोरांच्या जागा घेतल्या" असे आपल्याकडे सर्रास बोलतात. त्या जागा वरच्या आहेत, मूळ जागांतून कापलेल्या नाहीत. आपली मुले तिथे कमी दिसतात त्याचे कारण फी. ते दुखणे खरे आहे, आणि ते नेपाळी किंवा टांझानियाच्या पोरावर काढायचे कारण नाही. राज्य सरकारने २०२४ साली ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, पण खासगी अभिमत विद्यापीठे त्यातून वगळली. म्हणजे आपल्या सभासदाच्या मुलीला पुण्यातल्या कॉलेजात माफी मिळेल, आणि अंगणातून दिसणाऱ्या टेकडीवर मिळणार नाही. हे मला खटकते.

या तालुक्याने मोठ्या कामांसाठी जमीन देण्याची ही पहिली वेळ नाही. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी मुळा-निळेच्या खोऱ्यातली गावे बुडायला निघाली तेव्हा मावळे सत्याग्रहाला बसले. सेनापती बापटांनी तुरुंग भोगला. धरण झालेच. वीज मुंबईला गेली. पुण्यातल्या ज्या रस्त्यावर सिंबायोसिसचे मूळ ठाणे आहे त्याचे नाव सेनापती बापट रस्ता, हा योगायोग मला नेहमी विचित्र वाटतो. रस्त्याला नाव मिळाले, खोऱ्याला पाणी दिसले. टेकडीची गोष्ट वेगळी आहे हे मी मान्य करतो. तिथे वीज नाही, विद्या तयार होते. लवळ्याला रुग्णालय आले. रोजगारही काही आला. पण तिथले तज्ज्ञ, तिथली प्रयोगशाळा, तिथली मुले आपल्या शिवारात कितीदा उतरली? सहजीवन हा शब्द दोन्हीकडून लागू करायचा तर ताग उपटून बघण्याइतके साधे आहे. गाठी आहेत की नाहीत, ते दिसेल.

मग करायचे काय? माझ्या डोक्यात दोन-तीन गोष्टी आहेत. त्या मोठ्या नाहीत.

खोल्या देणाऱ्या सभासदांनी लेखी करार करावा आणि डिपॉझिटची पावती द्यावी. खोली देताना पंखा, नळ, रंग यांचे मोबाइलवर फोटो काढून दोघांकडे ठेवावेत, म्हणजे जाताना वाद होत नाही. घरी परदेशी माणूस उतरला की २४ तासांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावे लागते. हे पुष्कळांना माहीतच नाही, आणि माहीत नसल्याने मालक आणि मुलगा दोघेही अडचणीत येतात. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्यासाठी कारखान्याच्या शेती गट कार्यालयात एखाद्या कारकुनाने आठवड्यातून एक दिवस मदत करावी. फार काम नाही. भाडे सगळ्यांना सारखे असावे. कातडीचा रंग बघून दोन हजार वाढवणारे लोक आपल्यात आहेत, आणि त्यांना ते चूक वाटत नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

विद्यापीठाकडे आपण संचालक मंडळामार्फत रीतसर पत्र द्यावे. तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलींसाठी दरवर्षी ठरावीक जागांवर फीची सवलत मागावी. भीक म्हणून नाही, शेजारी म्हणून. त्याच पत्रात असेही लिहावे, की तुमच्या परदेशी विद्यार्थ्यांना आमच्या गावांत काही त्रास झाला, डिपॉझिट बुडाले, कुणी अपशब्द बोलले, तर तुमच्या अधिकाऱ्याने थेट आमच्या गट कार्यालयाला कळवावे. आम्ही बोलावून मिटवू. पोलिसात जाण्याआधी मिटेल आणि परदेशात जाण्याआधी तर नक्कीच मिटेल. असे पत्र एखाद्या सहकारी साखर कारखान्याने विद्यापीठाला पूर्वी लिहिले असेल असे मला वाटत नाही. आपण लिहिले तर वरचे लोक जरा चकित होतील. होऊ देत.

आणि एक. येत्या हंगामाच्या मोळीपूजनाला टेकडीवरच्या परदेशी मुलांना बोलवावे. नेपाळची, आफ्रिकेची, मॉरिशसचे कुणी असेल तर ते. उसापासून साखर कशी होते हे त्यांच्यातल्या कित्येकांनी पाहिलेले नसेल, आणि काहींच्या आज्यांनी आपल्यापेक्षा जास्त ऊस तोडलेला असेल. काट्यावर उभे करून त्यांना आपले वजन कसे होते ते दाखवावे. गाडीची सोय कारखान्याने करावी. जेवणाचे आमची वाडी बघेल. काकूंना मी विचारले आहे, त्या म्हणाल्या, "किती पोरं ते आधी सांगा, भात त्या मानानं टाकायला."